पावसात लाल दिवा, माडीवर वायफाय नाही आणि दुकानाची मेल कंपनीच्या नावावर: काय बदलावं, कशाला हात लावू नये?

मंगळवारपेठी_वाडा:

मंडळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुना दोन मजली वाडा आहे. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, नेटचा डबा (मोडेम-राउटर) खाली सोप्यात बसवलाय. चार अडचणी आहेत.

एक. पावसाची मोठी सर आली की डब्यावरचा 'लॉस' दिवा लाल लुकलुकतो आणि नेट बंद. पाऊस थांबून तास-दोन तास झाले की आपोआप सुरू. कंपनीचा माणूस येतो तोवर सगळं नीट असतं, मग तो "चालू आहे की" म्हणून तक्रार बंद करून जातो.

दोन. माडीवरच्या दोन खोल्यांत ८-१० च्या वर स्पीड येत नाही. संध्याकाळी त्याहून कमी. कंपनी म्हणते २०० चा प्लॅन घ्या.

तीन. लाइट गेली की डबा बंद. इन्व्हर्टर नाही. फक्त डब्यापुरता काही उपाय?

चार. लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचा ईमेल पत्ता नेट देणाऱ्या कंपनीनंच दिलेला आहे, फार जुना. जीएसटी, बँक, व्यापारी, सगळ्यांकडे तोच. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये सगळी जुनी मेल दिसते, मोबाइलवर मात्र गेल्या दोनेक आठवड्यांचीच. आता कंपनी बदलायचा विचार आहे. मेलचं काय होणार?

फायबर_जोडारी:

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो. वायफाय आणि मेलचं त्यातले जाणकार सांगतील.

आधी दिवे वाचायला शिका, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. 'पॉन' हिरवा स्थिर आणि 'लॉस' विझलेला असेल तर खांबावरून तुमच्या डब्यापर्यंत प्रकाश नीट पोचतोय. 'लॉस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही किंवा फार क्षीण आहे, म्हणजे दोष वायरीत किंवा जोडात. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. 'पॉन' हिरवा लुकलुकतच राहिला तर डबा कंपनीच्या यंत्राकडं नोंद व्हायचा प्रयत्न करतोय, पण होत नाही. आणि 'पॉन' स्थिर, 'लॉस' विझलेला, पण 'इंटरनेट' दिवा बंद किंवा लाल, तर वायर ठीक आहे. अडचण खात्यात आहे. बिल थकलंय, नाहीतर लॉगिन चुकलंय.

तुमच्याकडं पावसात लॉस लाल होतो आणि वाळल्यावर जातो. हे लक्षण जवळजवळ नेहमी उघड्यावरच्या जोडाचं असतं. काचेचा धागा पाण्यानं बिघडत नाही, जोड बिघडतो. खांबावर किंवा भिंतीवर बाहेरच्या बाजूला जो चिमटीसारखा पटकन बसणारा कनेक्टर वापरतात, त्यात दोन काचा समोरासमोर नुसत्या टेकलेल्या असतात. मध्ये ओल आणि माती गेली की प्रकाश अडतो. ऊन पडलं की ओल उडते, नेट परत येतं. दुसरी शक्यता, वायर पत्र्याच्या कडेवर नाहीतर फांदीवर टेकलेली असते आणि वाऱ्या-पावसात ती तिथं मुडपते.

पुरावा तुमच्या हातात आहे. मोबाइल वायफायला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (अंक इंग्रजीत) टाका. काही डब्यांना शेवटून दुसरा आकडा १ ऐवजी ० असतो, डब्याखालच्या स्टिकरवर बघा. लॉगिनही तिथंच छापलेलं असतं. आत 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फो'खाली 'पॉन' अथवा 'ऑप्टिकल' असं पान सापडेल. त्यात 'आरएक्स पॉवर' बघा. आकडा उणे असतो, एकक डीबीएम. उणे १५ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २५-२६ म्हणजे काठावर. उणे २७ च्या खाली गेलं की कनेक्शन तुटायला लागतं. ३ डीबी घटणं म्हणजे प्रकाश निम्मा होणं, त्यामुळं २४ आणि २७ यांतला फरक किरकोळ समजू नका.

उन्हातला एक फोटो आणि सर चालू असतानाचा एक फोटो काढून ठेवा, वेळ दिसेल असा. तक्रार करताना "नेट चालत नाही" असं म्हणू नका. "पावसात आरएक्स पॉवर इतकी घसरते, बाहेरचा जोड तपासा" असं म्हणा आणि तक्रार क्रमांक घ्या. माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. बाहेरचा चिमटीचा कनेक्टर काढून तिथं फ्यूजन मशीननं, म्हणजे काच वितळवून, जोड द्यायचा आणि तो बंद डबीत ठेवायचा. डबीची वायर आत शिरणारी बाजू खाली यायला हवी, वर नव्हे. आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, भिंतीतल्या भोकातून डब्याकडं येत नाही.

स्वतः काय करू नये तेही ऐका. डब्यातली हिरव्या टोकाची वायर काढून त्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे तो नाही असं नव्हे. टोकाला बोट लावू नका, बोटाच्या तेलानं दोन-तीन डीबी सहज जातात. हिरवं टोक निळ्या जोडणीत घालू नका. हिरव्याची काच ८ अंशांनी तिरकी घासलेली असते, निळ्याची सरळ. दोन्ही नीट भिडत नाहीत. वायर गुंडाळायचीच असेल तर गुंडाळी वाटीपेक्षा लहान नको. खिळ्याला अडकवून काटकोनात मोडलेली वायर तर कोल्हापुरात घरोघरी दिसते.

आता लाइटचं. डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेलं बघा, बहुतेक '१२ व्होल्ट, १ अँपिअर' किंवा दीड असतं. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्ट २ अँपिअरचा घ्या. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळेल. अँपिअर जास्त असले तर काही बिघडत नाही, डबा हवे तेवढेच ओढतो. पिनची जाडी जुळते का आणि आतली बाजू धन आहे का, तेही बघा. किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. आत २००० एमएएचचे ३.७ व्होल्टचे चार सेल असतील तर साधारण ३० वॅट-तास होतात. डबा ८ वॅट खात असेल तर कागदावर पावणेचार तास, प्रत्यक्षात तीन धरा. 'दहा हजार एमएएच, दहा तास' असलं खोक्यावर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. वॅट-तास किती ते विचारा. माडीवर दुसरा राउटर लावणार असाल तर त्याला वेगळा यूपीएस लागेल.

यूपीएस लावला तरी गल्लीतल्या कंपनीच्या यंत्राला बॅटरी नसेल तर उपयोग नाही, हे आधी विचारून घ्या. आणि वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढा. काच वीज वाहत नाही हे खरं, पण बऱ्याच वायरींना आधारासाठी पोलादी तार असते आणि अ‍ॅडॉप्टर तर थेट लाइटवरच असतो.

मंगळवार पेठेला तुलनेनं भीती कमी, पण व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा या बाजूचं कुणी वाचत असेल तर: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चाललं की डबा, अ‍ॅडॉप्टर, यूपीएस भिंतीवरून काढून माडीवर न्या. फायबरची वायर डब्यातून काढल्यावर टोकाला प्लास्टिकची टोपी लावा, टोक पिशवीत बांधून उंच अडकवा. पाणी ओसरल्यावर वायर बहुधा वाचलेली असते, टोकात गेलेला गाळ तेवढा त्रास देतो.

राजारामपुरी_नेटवर्क:

दादा, २०० चा प्लॅन घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही. माडीवर ८-१० मिळताहेत ते भिंतींमुळं. १०० चे २०० केले तरी भिंत तीच राहणार, माडीवर तेवढेच मिळतील आणि बिल वाढेल.

आधी एक चाचणी करा, तिच्यावरच पुढचं सगळं ठरतं. लॅपटॉप डब्याला लॅन वायरनं जोडा, वायफाय बंद करा, घरातले बाकीचे मोबाइल बाजूला ठेवा. स्पीड टेस्ट सकाळी ७ ला आणि रात्री ९ ला घ्या. वायरवर दोन्ही वेळा ९०-९५ आले तर कंपनी तिचं काम करतेय, दोष वायफायचा. (१०० चा पोर्ट पूर्ण १०० कधीच दाखवत नाही, ९४-९५ म्हणजे पूर्ण मिळालं असं समजा.) सकाळी ९४ आणि रात्री वायरवरच २० आले तर तुमच्या भागात कंपनीनं गिऱ्हाईक जास्त आणि मागची लाइन कमी घेतलीय. तो दोष तुम्ही घरात काही करून जाणार नाही. टेस्ट घेताना सर्व्हर एकदा कंपनीचा स्वतःचा आणि एकदा मुंबई-पुण्यातला दुसऱ्या कुणाचा निवडा. स्वतःच्या सर्व्हरवर सगळ्याच कंपन्या छान दिसतात.

एक गोंधळ इथंच मिटवते. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरवताना कॉम्प्युटर मेगाबाइट दाखवतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० च्या लाइनवर डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास दिसतं. ती फसवणूक नाही.

आता वाड्याचं. दगड-विटा-मातीची दीड-दोन फुटी भिंत ५ गिगाहर्ट्झ वायफाय जवळजवळ गिळून टाकते. २.४ गिगाहर्ट्झ पलीकडं पोचतं, पण ते मुळात हळू आणि पेठेतल्या खेटून असलेल्या घरांत शेजारच्या सगळ्यांचं वायफाय त्याच पट्ट्यात. संध्याकाळी सगळे घरी आले की तिथं दाटी होते. राउटरमध्ये २.४ चा चॅनल 'ऑटो'वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जो रिकामा असेल तो द्या. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनलायझर प्रकारचं अ‍ॅप असलं की दिसतं. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी टक्कर तेवढी वाढते. ५ गिगाहर्ट्झला मात्र ८० ठेवा.

खरा उपाय मात्र लॅन वायर. सोप्यातून माडीवर कॅट-६ ओढा आणि वर दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून लावा. प्लगमध्ये लावायचा स्वस्तातला रिपीटर घेऊ नका. तो त्याच वायफायवर ऐकतो आणि त्याच वायफायवर पुढं बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय जिथं सिग्नल आधीच मेलाय तिथं लावला तर तो मेलेलाच सिग्नल वाटतो.

वायर घेताना 'पूर्ण तांबं' असं विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर निम्म्या किमतीत मिळते, पण ती वाकवताना तुटते आणि ओलसर भिंतीत लवकर खराब होते. जॅक दोन्ही टोकांना एकाच क्रमानं बसवायचा. क्लिप मागच्या बाजूला, पितळी पट्ट्या आपल्याकडं, वायर खालून आत जाणारी, मग डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा लावायच्या. काही जण चारच लावून जातात. १०० पर्यंत चालतं, पुढं कधी मोठा प्लॅन घेतला की ९४ ला अडकतं आणि कारण सापडत नाही. लाइटच्या वायरीसोबत एकाच पाइपातून लॅन नेऊ नका.

दुसऱ्या राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर हातानं करा: त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि खालून आलेली वायर त्याच्या लॅन भोकात घाला, वॅनमध्ये नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात दोन राउटर मोबाइलना पत्ते वाटत बसतात. मग कधी नेट चालतं, कधी नाही, आणि प्रिंटर सापडत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, चॅनल वेगळा द्या. खाली १, वर ६.

सगळ्यात महत्त्वाचं: डब्याच्या मागं टाचणीनं दाबायचं 'रीसेट' भोक आहे, त्याला हात लावू नका. बंद-चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. रीसेटनं कंपनीचं लॉगिन, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, सगळं पुसलं जातं आणि 'लॉस' ठीक असूनही नेट येत नाही. रविवारी असं झालं तर सोमवारपर्यंत बसा. तुमचं पीपीपीओई लॉगिन (डबा कंपनीशी जोडणारं नाव-पासवर्ड) कंपनीकडून आजच मागून वहीत लिहून ठेवा.

मंगळवारपेठी_वाडा:

दोघांचेही आभार. पान सापडलं. आत्ता ऊन आहे आणि आरएक्स पॉवर उणे २५.८ दाखवतंय. रात्री सर आली तेव्हा उणे २७.६ ला लाल दिवा लुकलुकायला लागला. वायरवर सकाळी ९४, रात्री ९१. म्हणजे स्पीडचा दोष घरातलाच. पण उन्हातलं २५.८ हे नॉर्मल म्हणायचं का? कंपनीचा माणूस म्हणतो "रेंजमध्ये आहे".

फायबर_जोडारी:

रेंजमध्ये आहे, पण नॉर्मल नाही. हिशेब करून बघू.

कंपनीच्या यंत्रातून प्रकाश साधारण अधिक ३ डीबीएमनं निघतो. वाटेत तो वाटला जातो. एकाचे आठ करणारा एक स्प्लिटर १०.५ डीबीच्या आसपास खातो. असे दोन पाठोपाठ असतील, म्हणजे एका पोर्टवर ६४ घरं, तर २१ गेले. तीन-चार किलोमीटर वायरीचा १ डीबी आणि जोड-कनेक्टरांचे मिळून दीड-दोन धरा. ३ मधून २४ वजा केले की उणे २१ च्या जवळ यायला हवं. तुमचं उणे २५.८ आहे, म्हणजे चार-पाच डीबी वाटेत कुठंतरी विनाकारण सांडताहेत. दीड-दोन डीबीची पावसाची ओल त्यावर चढली की काठ ओलांडला.

त्याला एवढंच विचारा: "खांबावरच्या माझ्याच डबीतून वायर गेलेल्या शेजारच्या घराला किती येतंय?" त्याच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ते दिसतं. शेजाऱ्याला उणे २१ आणि तुम्हाला उणे २६ असेल तर दोष डबीपासून तुमच्या घरापर्यंतच्या वायरीत. दोघांनाही २६ असेल तर दोष डबीच्या मागं, आणि मग शेजाऱ्यालाही सोबत घेऊन तक्रार करा, लवकर हलतात. त्याच्याकडं पॉवर मीटर असतोच. १४९० नॅनोमीटरवर लावून आधी खांबावरच्या डबीत मोजायचं, मग तुमच्या डब्याच्या टोकाशी. दोन्हींत १ डीबीपेक्षा जास्त फरक आला तर ती वायर बदलायचीच.

गणपतीत मंडप आणि मिरवणुकीसाठी गल्लीतल्या तारा काठीनं उचलतात, त्यात फायबर मुडपून तशीच राहते. दिसायला अखंड, आत काच चिरलेली. वायर आडवी कुठं कुठं गेलीय ते एकदा खालून चालत बघून घ्या.

टपाल_ते_मेल:

मेलचं सविस्तर लिहितो, कारण यात घाई केली तर परत मिळत नाही असं काहीतरी जातं.

मोबाइलवर दोनच आठवड्यांची मेल दिसते याचं कारण पॉप. दुकानातलं आउटलुक पॉप पद्धतीनं जोडलेलं आहे. पॉप मेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतं, आणि आउटलुकचं ठरीव सेटिंग असं की १४ दिवसांनी सर्व्हरवरची प्रत पुसायची. म्हणून कंपनीच्या सर्व्हरवर फक्त ताजी मेल आहे. बाकीची सगळी वर्षं दुकानातल्या त्या एका कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, एकाच फाइलमध्ये. डिस्क गेली की सगळं गेलं. म्हणून कंपनी बदलायच्या आधी, आज संध्याकाळी दुकान बंद करताना हे करा: आउटलुक पूर्ण बंद करा, 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमधली पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आउटलुक उघडं असताना कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते. फाइल तिथं नसेल तर आउटलुकमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज', मग 'डेटा फाइल्स', तिथं जागा लिहिलेली असते.

मग नवा पत्ता घ्या, जो नेटच्या कंपनीशी बांधलेला नसेल. नेट बदललं तरी पत्ता बदलायला नको, एवढी एकच अट. साधं जीमेल चालेल. दुकानासाठी स्वतःचं डोमेन घेतलं तर अधिक चांगलं, पण डोमेनची नोंद तुमच्या नावावर आणि तुमच्या मोबाइलवर करा. वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या खात्यावर नको. तो गावाला गेला आणि नूतनीकरण राहिलं की दुकानाची मेल बंद पडते, हा घोळ उद्यमनगरात नेहमीचा आहे. डोमेन घेतलं तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आलीय हे पटवणाऱ्या) या तिन्ही नोंदी घालून घ्या, नाहीतर तुमची कोटेशनं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतील. एसपीएफची नोंद एकच ठेवायची. नवी कंपनी घेताना जुनी न काढता दुसरी घातली तर दोन्ही निकामी होतात.

नवा पत्ता त्याच आउटलुकमध्ये आयमॅपनं जोडा (यात मेल सर्व्हरवरच राहते, सगळीकडं सारखी दिसते): येणाऱ्या मेलचा पोर्ट ९९३ एसएसएल, जाणाऱ्याचा ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्ट-टीएलएस. युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता. आउटलुकनं गूगलचं स्वतःचं लॉगिन पान उघडलं तर तिथंच आत जा. नुसती पासवर्डची चौकट परत परत येत असेल तर तुमचा नेहमीचा पासवर्ड तिथं चालणारच नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलनं ती वाट मे २०२२ मध्ये बंद केली. खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग 'अ‍ॅप पासवर्ड' बनवा. १६ अक्षरांचा येतो, तो त्या चौकटीत घाला.

जोडून झालं की जुन्या फोल्डरमधली मेल नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये ओढून टाका. एकदम सगळी नको. एका वेळी एका वर्षाची, कारण ती सगळी अपलोड होते आणि मध्येच अडकली तर कुठपर्यंत गेली ते कळत नाही. पोचली का ते मोबाइलवर उघडून बघा, मगच पुढचं वर्ष. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि त्यातच ड्राइव्ह आणि जून २०२१ पासूनचे फोटोही मोजले जातात, तेव्हा पीएसटी किती मोठी आहे ते आधी बघा. जागा भरली की नवी मेल येणं बंद होतं आणि गिऱ्हाइकाला ती परत जाते. ट्रॅशमध्ये टाकलेली मेल ३० दिवस जागा अडवते, ट्रॅशही रिकामा करावा लागतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम. जुना पत्ता चालू असतानाच तो जिथं जिथं दिलाय तिथं बदला, कारण काही ठिकाणी ओटीपी जुन्याच पत्त्यावर जातो. जीएसटी पोर्टलवर अधिकृत सही करणाऱ्याचा ईमेल 'नॉन-कोअर' दुरुस्तीत बदलतो. आयकराच्या पोर्टलवर प्रोफाइलमधल्या संपर्क तपशिलात. मग बँक, उद्यम नोंदणी, महावितरणचं बिल, विमा, डोमेन असेल तर तेही. आणि ज्या खात्यांचा 'पासवर्ड विसरलो' दुवा जुन्या पत्त्यावर जातो, ती विसरू नका. एक उपयुक्त युक्ती: जुन्या मेलमध्ये 'ओटीपी', 'पासवर्ड' आणि 'इन्व्हॉइस' हे शब्द शोधा, कुणाकुणाकडं पत्ता आहे ती यादी आपोआप निघते.

सोय असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर फॉरवर्ड लावा आणि नवी लाइन आल्यावरही जुनं कनेक्शन किमान एक बिलिंग महिना चालू ठेवा. त्या महिन्यात जे अजून जुन्या पत्त्यावर येतंय ते तुमच्या यादीतून सुटलेलं. मधल्या काळात 'मेल येते पण जात नाही' असं झालं तर घाबरू नका. जुन्या सेटिंगमध्ये जाणाऱ्या मेलचा पोर्ट २५ असतो, तोही पासवर्डशिवाय. तो त्याच कंपनीच्या लाइनवरच चालतो. ५८७ करा आणि 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' या चौकटीवर खूण करा.

नव्या खात्याला रिकव्हरी मोबाइल आणि दुसरा ईमेल आजच द्या. जीमेल आठ-आठ अंकांचे दहा बॅकअप कोड देतं, ते छापून गल्ल्यात ठेवा. खातं उघडून दोन वर्षं हातच लावला नाही तर गूगल ते पुसू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

पत्ता बदलल्याचं व्यापाऱ्यांना मेलनं कळवाल तेव्हा एक वाक्य नक्की घाला: "बँक खातं बदललेलं नाही." पत्ता बदलल्याच्या निरोपामागून दोन दिवसांनी 'आमचं खातंही बदललंय' अशी खोटी मेल पाठवून पैसे वळवणारे टपलेले असतात. खातं बदलल्याची मेल आली तर त्याच मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही, आपल्या वहीतल्या नंबरवर करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त.

फुलेवाडीकर:

मध्येच विचारतो, क्षमस्व. नवीन फायबर घेतल्यापासून घराचा सीसीटीव्ही बाहेरून मोबाइलवर दिसत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग जसंच्या तसं केलंय. जुन्या कनेक्शनवर चालत होतं.

राजारामपुरी_नेटवर्क:

राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागं आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीनं अनेक घरांत वाटलाय. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बरोबर असलं तरी. दोन वाटा आहेत: कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घ्या, किंवा डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रातलं) पी-टू-पी चालू करून त्यावरचा क्यूआर कोड अ‍ॅपमध्ये स्कॅन करा. घरासाठी दुसरी वाट पुरते. डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र आधी बदला.

फायबर_जोडारी:

वाडेकर दादा, कंपनी सोडताना एक सांगायचं राहिलं. अर्ज लेखी द्या, मेलवर दिला तरी चालेल. डबा, अ‍ॅडॉप्टर आणि वायर परत करताना डब्याचा सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्या. पोच नसली की पुढं 'डबा मिळाला नाही' म्हणून अनामत अडकते. डबा देण्याआधी मात्र त्याचं रीसेट भोक खुशाल दाबा, तुमचं वायफाय नाव-पासवर्ड त्यात राहायला नको.

पावसाच्या जोडाची तक्रार काम न होताच बंद केली तर नव्यानं तक्रार करू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावा लागतो आणि समाधान झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. अपिलाला पैसे लागत नाहीत. त्या अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. अपिलात ते दोन फोटो जोडा, उन्हातला २५.८ चा आणि सरीतला २७.६ चा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही तोच क्रमांक सांगा.